भट्टीच्या दाराने आलेला डालडा : बडोद्याच्या एका घरातल्या नानखटाईचा हिशेब

(मंडळाच्या मासिक बैठकीत वाचलेल्या टिपणाचा वाढवलेला मजकूर)

गेल्या दिवाळीच्या आधी मांजलपूरच्या आमच्या घरी एक साधा प्रश्न निघाला. मुलीने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, नानखटाईत तुपाऐवजी कपासियाचं तेल चालेल का? तूप संपत आलंय." मी काही बोलायच्या आतच ब्याऐंशी वर्षांच्या आईने निकाल देऊन टाकला. "नानखटाई तुपाचीच असते. या घरात डालडा कधी आला नाही, आणि तेलाची नानखटाई तर मी ऐकलीसुद्धा नाही."

मी व्यवसायाने इंजिनीअर. आयुष्यातली बरीच वर्षं कारखान्यात तापमान, दाब आणि प्रवाह मोजण्यात गेली. इतिहासाचा नाद नंतरचा आणि स्वतःच लावून घेतलेला. त्यामुळे कुणी "कधीच नाही" म्हटलं की मला नोंदवही बघावीशी वाटते. आमच्या घरी सुदैवाने दोन प्रकारच्या नोंदी आहेत. त्या समोरासमोर ठेवल्यावर जे निघालं ते इथे मांडतो. विषय घरगुती आहे, पण बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांना तो लागू पडेल असं मला वाटतं.

साधनं कोणती

पहिलं साधन म्हणजे पाककृतींची वही. ती आजीने सुरू केली, मग आत्याने त्यात भर घातली आणि शेवटी आईने. तीन अक्षरं स्पष्ट वेगळी ओळखू येतात. तारीख मात्र एकाही पानावर नाही.

दुसरं साधन म्हणजे आजोबांच्या हिशेबाच्या वह्या. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत कारकून होते. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्यांची नोकरी नव्या सरकारकडे गेली, पण रोजचा खर्च लिहायची सवय सुटली नाही. १९३८ पासून १९७१ पर्यंतच्या एकोणीस वह्या शिल्लक आहेत. मधल्या काही वर्षांच्या, विशेषतः युद्धकाळातल्या, गहाळ आहेत. १९७१ नंतर आईच्या डायऱ्या आहेत, त्या थोड्या अनियमित.

तारीख नसलेल्या पाककृतीचा काळ ठरवायला मापं फार उपयोगी पडतात. आपल्याकडे नये पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. म्हणजे शेर, पावशेर, पौंड लिहिलेलं पान साधारण त्याआधीचं आणि ग्रॅम लिहिलेलं त्यानंतरचं. ही काटेकोर कसोटी नाही, कारण जुनी माणसं पुढेही कित्येक वर्षं शेरातच बोलत होती. पण सुरुवात करायला पुरते.

नानखटाई घराबाहेर का भाजली जायची

नानखटाई हा आपल्या फराळातला पाहुणा पदार्थ आहे. लाडू, करंजी, अनारसे, चकली हे सगळं कढईत किंवा परातीत होतं. नानखटाईला मात्र चहूबाजूंनी उष्णता लागते, म्हणजे भट्टी लागते. 'नान' हा शब्दच फारसी, रोटीसाठीचा.

गुजरातेत हा पदार्थ सुरतेशी जोडलेला आहे. सुरतेत डचांची वखार होती. त्यांच्या बेकरीची भट्टी पुढे डोटीवाला या पारशी घराण्याकडे आली, ताडी घालून फुगवलेल्या पावाला स्थानिक गिऱ्हाईक मिळेना, म्हणून सुकवलेली बिस्किटं आणि नानखटाई निघाली, अशी हकीकत सुरतेत सांगतात. हकीकतीतला तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. नानखटाई भट्टीतून घरात आली, घरातून भट्टीत गेली नाही.

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यातून दिवाळीच्या चार-सहा दिवस आधी डबे निघायचे. घरून मैदा, पिठीसाखर, तूप, वेलदोडा न्यायचा. बेकरीवाला आपल्या परातीत मळून द्यायचा किंवा घरच्या बायका तिथेच बसून गोळे वळायच्या. मग आपल्या नावाची चिठ्ठी लावलेले पत्रे भट्टीत जायचे. ही पद्धत मुंबई-पुण्याकडेही होती आणि अनेकांना आठवत असेल.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. आजीचं स्वयंपाकघर सोवळ्याचं होतं. बेकरीतली भट्टी परक्याची, पत्रे सगळ्या गावाचे, शेजारच्या पत्र्यावर अंड्याची बिस्किटं. त्यामुळे नानखटाई घरात यायची ती ओवळी म्हणूनच. देवाच्या नैवेद्यात तिला जागा नव्हती. तिचा डबाही वेगळ्या फडताळात असायचा. मुलांनी खावी, पाहुण्यांना द्यावी, शेजारी पाठवावी, इतकंच. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग होणार आहे.

'तूप' या शब्दाची फसवणूक

वहीत आजीच्या अक्षरात नानखटाईचं पान असं आहे : मैदा ३ पौंड, तूप २ पौंड, पिठीसाखर २ पौंड, वेलदोडे, जायफळ, चिमूटभर सोडा. तूप "पांढरे होईपर्यंत फेसणे". बस्स.

हे पान आईने माझ्यापुढे विजयाने धरलं. "बघ, तूपच लिहिलंय." खरंच लिहिलं होतं. पण मला खटकलं ते माप. त्याच वहीत बेसनाच्या लाडवांचं तूप पावशेरात आहे, साटोरीचं वाटीने आहे. घरी विरजण लावून, लोणी कढवून केलेलं तूप कुणी पौंडात मोजत नव्हतं. मग इथेच पौंड का?

एक उत्तर असं की बेकरीचा व्यवहारच पौंडात चालायचा, पावसुद्धा पौंडाचा. हे बरोबर आहे, आणि म्हणून नुसत्या मापावरून काही सिद्ध होत नाही. मग हिशेबाच्या वह्या काढल्या. १९३८ आणि १९३९ च्या आश्विनात "भट्टी" या खर्चाशेजारी तूप शेरात लिहिलं आहे. पुढच्या वह्या गहाळ. १९५२ च्या दिवाळीच्या आठवड्यात मात्र आजोबांच्या नेटक्या अक्षरात ओळ आहे : "डालडा २ पौंड डबा, भट्टीकरिता." आणि त्याखाली वेगळी ओळ : "तूप, लाडवांकरिता." त्यानंतर १९५० च्या दशकातल्या शिल्लक असलेल्या प्रत्येक वहीत ही जोडी दिसते. डबा २ पौंडांचा, पाककृतीत तूप २ पौंड. वहीतलं 'तूप' म्हणजे डालडाच होता.

यात आजीने खोटं काही लिहिलं नव्हतं. त्या काळी लोक 'डालडा तूप', 'वनस्पती तूप' असंच म्हणत. जुन्या पाककृती वाचताना आपण हमखास इथे चुकतो. पूर्वी नुसतं 'तूप' म्हटलं तरी पुरायचं. वनस्पती आल्यावर खऱ्या तुपापुढे 'साजूक' लावल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. १९४० नंतरच्या एखाद्या पानावर नुसतं 'तूप' दिसलं तर ते कुठलं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

वनस्पती कुठून आलं

इथे थोडं रसायन सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तेल आणि तूप दोन्ही स्निग्धच. फरक आहे तो घट्टपणाचा. तेलाच्या रेणूत जिथे दुहेरी बंध असतात तिथे हायड्रोजन जोडला की ते तेल थिजायला लागतं. धातूच्या, विशेषतः निकेलच्या, साहाय्याने असा हायड्रोजन जोडता येतो हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांच्या संशोधनातून दिसलं. त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. द्रव तेलावर हा प्रयोग करून त्याचं पेटंट १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी घेतलं. १९११ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गँबलने 'क्रिस्को' बाजारात आणलं. ते कशापासून केलं होतं? सरकीच्या तेलापासून. म्हणजे आमच्या कानम प्रदेशातल्या काळ्या जमिनीत ढिगांनी पिकतं त्याच कपाशीच्या बियांपासून. कच्चं सरकीचं तेल लालसर-काळपट असतं, कॉस्टिक सोड्याने शुद्ध केल्यावरच खाण्याजोगं होतं. पण थिजवलं की त्याचे स्फटिक बारीक पडतात आणि भाजकामाला तेच हवं असतं.

हिंदुस्थानात वनस्पती आधी आयात व्हायचं, बरंचसं हॉलंडहून. पुढे युनिलिव्हरने १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, मुंबईत शिवडीला कारखाना झाला आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव आलं. आयात करणाऱ्या 'दादा' नावात लिव्हरचा 'ल' घालून 'डालडा' झाला असं सांगतात. गंमत बघा. सुरतेच्या हकीकतीवर विश्वास ठेवला तर भट्टी डचांची आणि भट्टीत जाणारं पहिलं नकली तूपही डचांच्याच देशातून आलेलं.

या मालाला विरोध जोरदार होता. गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर संसदेतही बंदीची मागणी झाली. मुख्य भीती भेसळीची होती, कारण वनस्पती दिसायला तुपासारखंच. बंदी आली नाही, पण एक हुशार नियम आला. प्रत्येक वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तिळाच्या तेलातला एक घटक हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याबरोबर गुलाबी-लाल रंग देतो. याला बोदुआँ चाचणी म्हणतात. तुपाच्या नमुन्याला हा रंग आला की त्यात वनस्पती मिसळलं आहे. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हा नियम फार आवडतो. मालातच त्याची खूण पेरून ठेवली होती.

आजीच्या वहीतल्या 'तुपा'ला मात्र अशी खूण नव्हती. कारण तूप आणि वनस्पती दोन्ही जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध. दोन पौंडाला दोन पौंड घातलं की काम झालं, पाककृतीत एक अक्षरही बदलावं लागत नाही. डालडा इतका सहज रुळला त्याचं हे एक कारण, आणि जुन्या वह्यांत तो सापडत नाही त्याचंही.

भट्टीवाल्याला तर डालडाच बरा वाटायचा. तूप ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. दिवाळीच्या सुमाराला बडोद्यात दुपारी पारा तिथपर्यंत जातो. वनस्पतीचा वितळणबिंदू नियमाने ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान ठेवलेला, त्यातला वरच्या बाजूचा माल भर दुपारीही परातीत घट्ट राहायचा. फेसताना त्यात हवा कोंडली जाते. थेंब पाण्यात टाकला आणि तरंगला की झालं, ही खूण आजी सांगायची. ती कोंडलेली हवा आणि सोडा मिळून नानखटाई फुलते, वर भेगा पडतात. वितळलेलं तूप कितीही फेसा, हवा धरत नाही.

आई खोटं बोलत नव्हती

१९५२ ची ओळ आईला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ते भट्टीचं होतं. घरातलं नव्हे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आईचं लग्न साठच्या दशकात झालं. तिला सासूबाईंच्या घरात जो नियम दिसला तो असा : सोवळ्यातल्या फडताळात डालडा ठेवायचा नाही. वरणावर, पुरणावर, लाडवांत, नैवेद्यात साजूक तूप. डालड्याचा डबा दुकानातून थेट भट्टीवर जायचा, उरलाच तर बाहेरच्या पडवीत. रिकाम्या डब्यात तुळस लावलेली मला स्वतःला आठवते, पिवळ्या पत्र्यावरचं हिरवं झाड अजून डोळ्यासमोर आहे. तरी आईच्या हिशेबी डालडा 'घरात' आलाच नव्हता.

वनस्पतीचा प्रसार सांगताना आपण नेहमी भावाचं कारण देतो, तूप महाग आणि डालडा स्वस्त. ते खरंच आहे. पण आमच्या घरात स्वस्त म्हणून तो लाडवांत गेला नाही. तो गेला फक्त नानखटाईत, कारण तिथे सोवळ्याचा पहारा नव्हता. भट्टी घराबाहेर होती, म्हणून नवा स्निग्ध पदार्थ आधी भट्टीच्या दाराने आला. हे एका घराचं उदाहरण आहे, सिद्धांत नाही. पण पुढे जे झालं त्याने मला या तर्काला बळ मिळाल्यासारखं वाटतं.

तेलाची पाळी

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. दुसऱ्याच वर्षी तिथे गृहविज्ञान शाखा सुरू झाली. आमची आत्या साठच्या दशकात तिथे शिकली. वहीतली ग्रॅममधली पानं तिची. त्यात एका केकच्या पाककृतीत लोणी नाही, तूप नाही, "तेल पाऊण वाटी" आहे.

केकमध्ये तेल ही कल्पना अमेरिकेतली. लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकर या विमा विकणाऱ्या माणसाने १९२७ च्या सुमाराला शिफॉन केक शोधला, वीसेक वर्षं कृती गुप्त ठेवली आणि मग जनरल मिल्स कंपनीला विकली. १९४८ मध्ये ती छापून आली तेव्हा कळलं की गुपित म्हणजे तेल. तेल हवा धरत नाही, म्हणून हवा अंड्याच्या पांढऱ्यातून घ्यायची. आत्याच्या पानावर अंडी खोडून दही आणि सोडा लिहिलं आहे. आमच्या घरात दुसरं काय होणार! हा केक ती शेगडीवर वाळू तापवून, त्यावर पातेलं ठेवून करायची. तोही ओवळाच, बाहेरच्या पडवीत.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं गुजरातेत तेलाचीच होती. सौराष्ट्रातल्या शेंगदाणा तेलाच्या बड्या व्यापाऱ्यांना लोक 'तेलिया राजा' म्हणायचे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनीअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात जेवणाचं बिल वाढलं म्हणून विद्यार्थी उठले, त्यातून नवनिर्माण आंदोलन झालं आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. त्या रोषात सिंगतेलाचा भाव हा मोठा मुद्दा होता. आईच्या त्या वर्षांच्या डायरीत तेलाच्या नोंदीशेजारी उद्गारचिन्हं आहेत. पुढे रेशनवर आयात केलेलं पामतेल मिळू लागलं. डायरीत ते "रेशनचे" एवढंच लिहिलेलं आहे, नाव सांगायची लाज वाटावी तसं.

१९७९ मध्ये आम्ही दांडिया बाजार सोडून मांजलपूरला टेनामेंटमध्ये राहायला आलो. तेव्हा इथे मधूनमधून शेतं होती. जुनी भट्टी लांब पडली. १९८१ मध्ये वडिलांनी काचेच्या झाकणाचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन आणला.

आता भट्टी घरात आली. आणि बघा काय झालं ते. त्या दिवाळीत आजीने स्वतः सांगून सात नानखटाया साजूक तुपाच्या करवल्या आणि देवापुढे ठेवल्या. पन्नास वर्षं ओवळा असलेला पदार्थ नैवेद्यात गेला, आणि जाताना तीस वर्षांपूर्वी सुटलेलं तूप त्यात परत आलं. बाकीच्या घाण्यांना डालडाच. पण १९८३ मध्ये वनस्पतीत आयात चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि आजीने पडवीतूनही डालडा काढायला लावला. इतक्या नानखटाईला तूप परवडत नव्हतं. राहिलं तेल.

इथे वहीत आईचं अक्षर सुरू होतं. आजीच्या पानाच्या समासात बारीक शाईत ओळी आहेत : "सिंगतेल, पसरले, वास येतो." त्याखाली : "कपासिया, वास नाही. तेल कमी." त्याखाली : "मैद्यात थोडे बेसन. पीठ तासभर फ्रिजमध्ये. जमले." शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

तेलाची नानखटाई ऐकलीसुद्धा नाही म्हणणारी आईच ती करत होती.

या नोंदींत अभ्यासू माणसाचा प्रयोग आहे. सिंगतेल घाणीचं असलं तर त्याला शेंगदाण्याचा ठसठशीत वास असतो, शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलाला जवळपास नसतो. गुजरातेतले फरसाणवाले कपासिया वापरतात ते काही उगीच नाही. तेल द्रव असल्यामुळे ते पिठाच्या कणांना पटकन माखतं, म्हणून तुपाइतकं घातलं तर गोळा भट्टीत पसरतो. बेसन जास्तीचं तेल शोषून घेतं आणि थंडाव्याने पीठ घट्ट राहतं. शंकरपाळ्याला कडकडीत तेलाचं मोहन घालणाऱ्या बाईला हे हातानेच कळलं असणार.

मी हे तपासून पाहिलं. आजीचंच प्रमाण घेतलं, ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम तूप, २०० ग्रॅम पिठीसाखर, ओव्हन १६० अंशांवर. तूप फेसून केलेली फुलली, वर भेगा आल्या. २०० ग्रॅम कपासिया घातलेली चपटी झाली आणि कागद तेलकट झाला. १६० ग्रॅम तेल, ५० ग्रॅम मैद्याऐवजी बेसन आणि तासभर थंडावा, यावर नीट जमली. भेगा कमी, पण खुसखुशीत. म्हणजे तुपाच्या चार पंचमांश तेल. बाजारचं बिनमिठाचं बटर घ्यायचं तर उलट वाढवायला हवं, साधारण २४० ग्रॅम, कारण त्यात पाणी असतं. डालडा जसाच्या तसा बसायचा. तेलाला पाककृतीच बदलावी लागते, म्हणून वहीत तेलाची खूण राहिली आणि डालड्याची नाही.

शेवटचा हिशेब

समास आईला वाचून दाखवला. ती हसली. "माझंच अक्षर आहे." मग जरा थांबून म्हणाली, "पाहुण्यांना तुपाची म्हणून सांगायचं असं सासूबाईंनी सांगितलं होतं. दरवर्षी सांगितलं. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं." हे मी तिला विचारूनच इथे लिहितो आहे.

बडोद्याच्या मराठी घरांत साजूक तूप हा नुसता स्वयंपाकाचा जिन्नस नव्हता. संस्थान गेलं, वाडे गेले, नोकऱ्या बदलल्या, पण "आमच्याकडे सगळं साजूक तुपातलं" हे वाक्य राहिलं. तोंडी आठवणी गोळा करताना मी अशी वाक्यं आजवर जशीच्या तशी टिपून घेत आलो. आता वाटतं, ती घर काय खात होतं हे सांगत नाहीत. घराला स्वतःविषयी काय सांगायचं होतं, ते सांगतात. दोन्ही इतिहासच, पण वेगवेगळ्या रकान्यात लिहायला हवेत.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. तेल अर्धवट थिजवताना त्यात ट्रान्स मेद तयार होतात आणि ते हृदयाला अपायकारक असतात, हे पुढे सिद्ध झालं. डेन्मार्कने २००३ मध्ये २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे ती २०२१ मध्ये ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. आजीला हे कळण्याचा मार्ग नव्हता. तिने वेगळ्याच कारणाने डालड्याला सोवळ्याबाहेर ठेवलं आणि घरातली रोजची जेवणं त्यातून वाचली. याचं श्रेय सोवळ्याला देऊ नये. त्याच सोवळ्याने कितीतरी माणसांनाही दाराबाहेर ठेवलं होतं. पण नोंद करताना दोन्ही बाजू लिहाव्यात.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी आईनेच दिलं. सात तुपाच्या, देवापुढे. बाकीच्या कपासियाच्या, आणि पाहुण्यांना विचारलं तर खरं सांगायचं.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरी जुनी पाककृतींची वही असेल तर नानखटाईचं, केकचं, बिस्किटांचं पान उघडून बघा. 'तूप' कुठल्या मापात लिहिलं आहे? समासात काही खोडलं आहे का? त्याच काळातला किराणा हिशेब असेल तर शेजारी ठेवा. आणि पदार्थ घरात भाजला जायचा की बाहेर, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना जरूर विचारा. आमच्या घरापुरता तर्क मी मांडला आहे. तो दहा घरांत टिकला तर बडोद्याच्या स्वयंपाकघरांचा इतिहास थोडा वेगळा लिहावा लागेल. नाही टिकला, तर तेही कळवा.